दुसऱ्याच्या मापाचं लोखंड

दसरा जवळ आला की तालुक्यांतून फोटो येऊ लागतात. एका बाजूला देणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, मधे वस्तू. शिवणयंत्र, सायकल, कुबड्या, फवारणीचा पंप, क्रिकेटची बॅट. देणारा कॅमेऱ्याकडे बघतो. घेणारा देणाऱ्याकडे बघतो. वस्तूकडे कोणी बघत नाही. जिल्ह्याच्या पानावर काम करताना या फोटोंखाली ओळी लिहिणं हा माझ्या कामाचा भाग आहे. परवा एका धावणाऱ्या मुलीला बूट दिल्याचा फोटो आला. मी बातमीदाराला फोन केला आणि विचारलं, बूट तिच्या मापाचे आहेत का?

तो हसला. "सर, भारीतले आहेत."

मी पुन्हा विचारलं.

"सर, फोटोत माप कुठं दिसतं?"

त्याचं बरोबर होतं. फोटो छापला, ओळी लिहिल्या. त्या लिहिताना जो राग आला तो त्याच्यावरचा नव्हता. तो जुना आहे. बाजारात झेंडूचे ढीग दिसायला लागले, की तो ठरल्यासारखा येतो आणि दिवाळीच्या फराळाचं ताट समोर येईपर्यंत जात नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या उसाच्या पट्ट्याला लागून. गावाच्या वर माळ आहे. त्या माळावर पूर्वी धनगरांची मेंढरं असायची आणि पावसाळ्यानंतर कुसळी गवत. अश्विनात या गवताची कुसळं पिकतात आणि चालणाऱ्याच्या कपड्यांत घुसतात. लहानपणी शाळेतून माळावरून घरी आलो, की उंबऱ्यावर बसून पायजम्यातली कुसळं वेचायची आणि मगच आत जायचं, असा नियम होता. नव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एका कंपनीनं हा माळ घेतला. बंगले बांधले, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि मधल्या जागेत गोल्फचं मैदान केलं. मेंढरं गेली. कुसळी गवत मात्र कुंपणाच्या आतही येत राहिलं. ते कापायला गावातल्या बाया लागल्या, आणि त्यांत माझी चुलतबहीण शैला होती.

शैला तेव्हा एकवीस वर्षांची. बारावी झालेली, उंचीनं बेताची, मनगटं बारीक, चाल सावकाश. गवत कापायच्या कामावरून तिला सरावाच्या जागी चेंडू गोळा करायला नेमलं. तिथं पिंटो सर म्हणून कोच होते. खडकीचे. त्यांनी एकदा तिच्या हातात काठी देऊन बघितलं, मग रोज द्यायला लागले. गावात त्या खेळाला नाव नव्हतं. "शैला कुठं हाय?" असं कोणी विचारलं, की काकी सांगायची, "गेलीय काठ्या मारायला."

तो हंगाम आठवतो तो वासानं. बाजरी कापून झालेली असते, ताटांचे बुडखे उन्हात तापतात आणि त्यांतून भाजल्यासारखा वास येतो. सकाळी दव, दुपारी मेंदूपर्यंत जाणारं ऊन. नारायणगावच्या रस्त्यानं टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो जातात, वळणावर एखादा क्रेट सांडतो आणि दोन दिवस डांबर लाल राहतं. कारखान्याचा बॉयलर पेटायची वेळ आलेली असते. ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांतून येतात. गाडीत भांडी, कोंबड्या, लेकरं, आणि चटईत गुंडाळलेले ज्याचे त्याचे कोयते. तोडणारा माणूस उधारीवर धान्य घेईल, घोंगडी घेईल, दुसऱ्याचा कोयता घेणार नाही. या साऱ्या मुलखात हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

तात्यांच्या म्हणजे माझ्या चुलत्यांच्या घरात तर मुळीच नव्हतं. पडवीच्या आढ्याला विळे खोचलेले असत आणि कोणता कोणाचा हे ठरलेलं असे. काकी डावखुरी. तिच्या विळ्याचे दाते उलट्या बाजूनं पाडलेले होते. चुकून कोणी तो घेऊन रानात गेलं, तर कणीस कापलं जायच्याऐवजी ओढलं जायचं, आणि मग सगळे हसायचे. शैला पहिल्यांदा कापणीला निघाली, तेव्हा तात्या तिला लोहाराकडे घेऊन गेले होते. लोहारानं तिची मूठ आपल्या मुठीत धरून बघितली, "पोरीची मूठ लई लहान हाय," म्हणाला आणि विळ्याची मूठ बारीक केली. तात्या कुळवाच्या दांड्याची उंची बैलजोडी बदलली की बदलत. नवा गडी आला, तर खोऱ्याचा दांडा त्याच्या छातीला लावून बघत, जास्त असेल तर तिथल्या तिथं करवत. हे सगळं करणारा हा माणूस होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

पिंटो सरांचं मराठी छावणीतलं. समजावताना ते हातवारे फार करायचे. मी तेव्हा पुण्यात एका वर्तमानपत्रात शिकाऊ होतो, सुट्टीला गावी आलो की कुंपणापाशी उभा राहून बघायचो. बॅगेतल्या लोखंडी काठ्यांना नंबर असतात. नंबर जितका लहान, तितकी काठी लांब आणि तिचं पातं उभं. चेंडू लांब जाणार, पण खालून जाणार. नंबर मोठा, तर काठी आखूड आणि पातं मागं झुकलेलं. चेंडू वर चढणार, जवळ पडणार. लहान नंबरच्या काठीनं चेंडू हवेत न्यायचा, तर हात झपकन फिरावा लागतो. शैलाचा हात तसा फिरत नव्हता. तिचा फटका सावकाश यायचा, गवत झाडल्यासारखा, पण दर वेळी त्याच रेषेत.

"हिचा हात बघ," सर मला म्हणाले. "घाई नाही. चूक नाही. पण तीन नंबर, चार नंबर हिच्यासाठी नाही. ते जोरवाल्याचं काम. हिला हे." आणि त्यांनी आपल्या बॅगेतून दोन काठ्या काढल्या.

त्या हायब्रिड. तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. दांडा लोखंडी काठीसारखा, आणि खाली पात्याऐवजी गोल, फुगीर डोकं, त्याचं वजन बुडाशी आणि मागच्या अंगाला. उभ्या गवतात लोखंडी पातं घातलं, की गवत त्याच्या मानेला गुंडाळतं आणि काठी अडते. हे डोकं गवतावरून सरकत जातं. चेंडू आपोआप वर उठतो. शैलानं पहिल्यांदा मारला, तेव्हा ती चेंडूकडे न बघता काठीच्या डोक्याकडेच बघत राहिली होती.

"सर, हिचं पोट मोठं हाय."

"पोटातच तर सगळं आहे, बाई."

तिनं त्या दोघींना बुटक्या म्हणायला सुरुवात केली. थोरली बुटकी आणि धाकटी बुटकी. सरांचा स्वतःचा जुना अर्धा सेट होता, हलक्या दांड्यांचा. त्यातल्या मोठ्या नंबरच्या काठ्या आणि या दोन बुटक्या घेऊन ती श्रावणापासून खेळत होती. कुसळी गवतातून चेंडू उठून बंगल्यांच्या दिशेला जायचा आणि झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर थांबायचा. दुरून बघताना त्यात काही विशेष वाटत नसे. खेळ जमलेला असला की तो सोपाच दिसतो.

दिवाळीनंतर पुण्यात निवड होती. तिथल्या एका मैदानावर मुलींना कोच म्हणून तयार करणार होते. राहायची सोय, शिक्षण आणि पुढं नोकरी. पिंटो सरांनी शैलाचं नाव दिलं. तात्यांनी विचार करायला आठ दिवस घेतले. स्थळं यायला लागली होती. शेवटी जेवताना म्हणाले, "यंदाचा हंगाम तुझा. तुळशीच्या लग्नापातूर. निवड झाली तर जा, मी आडवा येनार न्हाई. न झाली तर मग माझं ऐकायचं." शैला म्हणाली, "बरं." काकीनं तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. घरात तेवढाच करार झाला आणि तो सगळ्यांना मान्य होता.

मग शेठ आला.

त्याचं नाव लिहायचं कारण नाही. पुण्याचा कारखानदार, माळावरच्या पहिल्या रांगेत बंगला, मैदानाच्या कमिटीवर. सहा फुटांच्या वर उंच. चांगला माणूस, असं सगळे म्हणत, आणि त्यानं कोणाचं वाईट केल्याचं मीही ऐकलेलं नव्हतं. त्याला कोणीतरी सांगितलं, की गावातली एक मुलगी निवडीला जाते आहे आणि तिच्याकडे स्वतःचा सेट नाही. नवरात्रात अष्टमीला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. सरपंच, शाळेचे गुरुजी, दूध संस्थेचे लोक. तात्या इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत. शेठनं शैलाला शाल दिली, नारळ दिला आणि मग दोघांनी उचलून आणलेली एक भली मोठी काळी चामडी बॅग तिच्या खांद्यावर ठेवली. पट्टा तिच्या गुडघ्याकडे आला. लोक टाळ्या वाजवत होते.

"ग्रामीण भागात टॅलेंट आहे," शेठ माइकवर म्हणाला. "फक्त साधनं नाहीत. हा सेट मी स्वतः वापरलेला आहे. आज तो मी या लेकीच्या हवाली करतो."

स्वतः वापरलेला. पूर्ण संच, तीन नंबरपासून पुढं. घडीव लोखंडाची पातळ पाती, कडक पोलादी दांडे, आणि सहा फुटी माणसासाठी ते दांडे आणखी लांब करून घेतलेले. पातळ पात्याला चेंडू मधोमध लागला तर ठीक. थोडा जरी सरकला, तरी बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. शैलानं त्यातली एक उचलून जमिनीला लावली, तेव्हा पात्याचा पुढचा कोपरा वर राहिला आणि दांड्याचं टोक तिच्या पोटात टेकलं. हे मांडवात, सगळ्यांसमोर झालं. कोणीही बघू शकत होतं. ज्या गावात बैलाच्या खांद्याचं माप चुकलं तर चारचौघांत नाव निघतं, तिथले झाडून सगळे लोक त्या पटांगणात बसलेले होते आणि ते टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी सकाळी तात्यांकडे गेलो. पडवी सारवलेली होती. पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, टिकाव, विहिरीवरच्या मोटारीचे पाने आणि त्यांच्या पुढं, मानाच्या जागी, शेठचा सेट. नंबराप्रमाणं मांडलेला. प्रत्येक पात्यावर काकीनं हळदीकुंकवाची बोटं उमटवली होती, प्रत्येक दांड्याला झेंडूचं फूल बांधलं होतं. शेजारपाजारचे येऊन बघून जात होते. "लई भारी दिसतंय राव," एक जण म्हणाला, "जपानचं लोखंड असंल." शैला दाराशी उभी होती. मी तिला विचारलं, हाताला कसा लागतो?

"लागत न्हाई," ती म्हणाली. "मीच त्याला लागते."

दसरा झाल्यावर तिनं सेट मैदानावर नेला. पिंटो सरांनी एक एक काठी काढून बघितली. मग तिला काठी धरून उभं केलं, पात्याखाली बोट घालून कोपरा किती वर राहतो ते बघितलं. "हे दीड-दोन इंच कापायचं," म्हणाले. "मुठीचं रबर बारीक टाकायचं. माझ्याकडे सगळं आहे, एका दुपारचं काम. आणि तीन, चार, पाच घरी ठेव. त्या जागी तुझ्या दोन बुटक्या. नियमाप्रमाणं बॅगेत जेवढ्या काठ्या चालतात, तेवढ्या होतील. मग शेठचं पण मन राहील, तुझा पण खेळ राहील."

इतकं सोपं होतं ते. रागाचं मूळ तिथंच आहे. घडू नये असं काही घडायला मोठं कारण लागतं, असं आपण धरून चालतो. इथं एक करवत आणि एक दुपार हवी होती.

संध्याकाळी शैलानं तात्यांना सांगितलं. तात्या गोठ्यात धार काढत होते.

"कापायचं म्हंजे?"

"दांडे. थोडे. मला लांब पडत्यात."

"पूजलेल्या वस्तूला करवत लावायची न्हाई."

"तात्या, खोऱ्याचा दांडा कापतोच की आपुन."

"खोरं आपलं हाय." तात्यांनी वर बघितलं नाही. "ही दिलेली वस्तू हाय. मानसानं सगळ्या गावासमोर खांद्यावर ठेवली. उद्या इचारलं, माझ्या काठ्या का तोडल्या, तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, तात्या, तो विचारणार नाही, त्याला माहीतच आहे की तिची उंची किती. तात्या म्हणाले, "तू पेपरात लिही." काकी म्हणाली, "तुझं बी खरं हाय बाबा, पन एवढा मोठा मानूस." पण तो मुद्दाच नव्हता. पूजलेल्या वस्तूला करवत लावायची नाही, असा नियम आमच्या भागात कधीही नव्हता. तो त्या संध्याकाळी, त्या गोठ्यात तयार झाला. शालीच्या वजनानं तयार झाला. देणाऱ्याचा मान राखायला घरातली सगळी जुनी अक्कल बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी एक नवीन धर्म उभा करायचा, हे आम्हाला किती लवकर जमतं ते मी तेव्हा बघितलं. नंतर वर्तमानपत्रात राहून वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा बघितलं.

निदान लांब काठ्यांच्या जागी बुटक्या घ्याव्यात, एवढं राहिलं होतं. एका रविवारी शैला सरावाच्या जागी बुटकीनं मारत असताना शेठ तिथं आला. दोन फटके त्यानं बघितले. दोन्ही चेंडू उंच गेले.

"पिंटो," तो हसतच म्हणाला, "पोरीला शॉर्टकट शिकवू नका. हायब्रिड हे म्हाताऱ्यांचं काम. खरा गोल्फर आयर्ननं ओळखला जातो. एवढा सेट दिलाय मी तिला."

"यस सर," पिंटो सर म्हणाले.

सरांची नोकरी कमिटीच्या हातात होती. हे मला समजतं. त्यांनी बुटक्या आपल्या बॅगेत परत ठेवल्या, टोपी काढून पुन्हा घातली. शैलाकडे बघितलं नाही. शेठ निवडीला स्वतः येणार होता, आपल्या सेटवर मुलगी खेळताना बघायला. तात्यांनी ऐकलं आणि विषय संपला. "त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या काठ्या घेऊन उभी राहशील?" ते म्हणाले. त्यानंतरचे दिवस ती त्या लोखंडाशी झगडत होती. दांडा खालून धरायची, मग वरचं टोक पोटात घुसायचं. सरळ उभी राहिली, की चेंडू डावीकडे जायचा. डाव्या हाताच्या बोटांना तिनं चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या. कुसळी गवतातून चार नंबरनं मारलेला चेंडू माळावर सशासारखा खालून पळत जायचा आणि कुंपणाच्या तारेला लागून थांबायचा. दिवाळीत काकीनं तिच्या पोटाला हळद लावली, वळ उठला होता म्हणून. हळद लावताना काकी म्हणाली, "सवय व्हईल." ही तीच बाई, जिचा विळा उलट्या दात्यांचा होता.

निवडीच्या दिवशी मी कचेरीतून रजा घेतली. पुण्यातलं ते मैदान जुनं, झाडं मोठी, कडेचं गवत पावसानं माजलेलं. तात्या धोतर-टोपीत एका झाडाखाली उभे. शेठ पांढऱ्या कपड्यांत, पिंटो सर त्याच्या दोन पावलं मागं. कमिटीत तिघं होते. त्यांत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. शैलाचं जवळचं काम छान झालं. आखूड काठ्या तिनं मुठीपासून बरंच खाली धरल्या, तरी चेंडू झेंड्याजवळ पडले. हिरवळीवर तर चेंडू हलकेच ढकलायचा असतो, तिथं तिच्या हातात दोष नव्हताच. त्या बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं.

मग लांबचे फटके. त्याआधी बाई तिच्या जवळ आल्या. तिनं काठी जमिनीला लावली होती. त्यांनी वाकून पात्याचा वर राहिलेला कोपरा बघितला.

"हे क्लब तुझ्या मापाचे आहेत?"

मी जवळच होतो. प्रश्न अगदी साधा, कामाच्या आवाजात विचारलेला. तो विचारणारं त्या महिन्याभरात ते पहिलं परकं माणूस होतं, आणि शैलानं नाही म्हटलं असतं, तर बाईंनी दुसरे क्लब मागवले असते, असं मला आजही वाटतं. शैलानं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी शेठकडे बघितलं. शेठ हसून मान हलवत होता. तात्यांचे हात नकळत जोडले गेले होते, मांडवात जोडले होते तसेच.

"हो," शैला म्हणाली.

कडेच्या गवतातून तिनं चार नंबर मारली. गवत मानेला गुंडाळलं, काठी वळली, चेंडू थोडा पुढं घरंगळला. दुसरा नीट लागला, पण उठला नाही. समोरच्या नाल्यात गेला. तिसरा, चौथा. तिचा हात तोच होता, तीच सावकाश रेषा. त्या रेषेच्या टोकाला भलतंच लोखंड होतं. निकाल तिथंच सांगितला. लांब फटक्यांत ताकद कमी पडते. बाईंनी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनगटात जोर कमी असतो मुलींच्या," शेठ तात्यांना म्हणाला. आवाजात खरी सहानुभूती होती. "वाईट वाटून घेऊ नका. आपण द्यायचं ते दिलं."

"तुमी लई केलं," तात्या म्हणाले.

गाड्या लावतात तिथपर्यंत आम्ही सगळे बरोबर आलो. शेठला पुढं स्वतःला खेळायचं होतं. ड्रायव्हरनं डिकी उघडली. आत त्याची नवीन बॅग होती. हलके काळे दांडे, रुंद बुडाची पाती, आणि तीन काठ्यांच्या डोक्यांवर लोकरीच्या टोप्या. शैला पुढं झाली आणि तिनं एक टोपी काढली. खाली गोल, फुगीर डोकं. तिनं ते वळवून बुडाचा नंबर बघितला.

"बुटकी," ती म्हणाली.

"हायब्रिड," शेठ म्हणाला. तो जराही गडबडला नाही. "फार छान निघाली. सिंगापूरला करून घेतली. दोन तास माप घेत होते, उंची, मनगट, हात किती वेगानं फिरतो, सगळं मशीनवर. त्या लांब आयर्ननं माझा चेंडू कधी उडालाच नाही."

हे त्यानं सहज सांगितलं. आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं, आणि मला वाटतं, कधीच कळलं नाही. लबाड माणसावर रागावता येतं, राग त्याच्यावर जाऊन थांबतो. हा राग थांबायला जागा मिळाली नाही. माणसाला स्वतःला न जमलेली वस्तू दुसऱ्याच्या खांद्यावर टाकताना आनंद होतो, फोटो निघतो, आणि घेणाऱ्याला ती जमली नाही, तर दोष त्याच्या मनगटाचा. पिंटो सर दूर बघत होते. शैलानं टोपी काठीवर पुन्हा नीट बसवली. मग खांद्यावरची काळी बॅग काढून गाडीच्या चाकाशी जमिनीवर ठेवली आणि फाटकाकडे चालू लागली.

तात्यांनी ती उचलली. मातीला लागली होती, ती बाजू त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

पुढचं थोडक्यात. करार करार होता. वैशाखात शैलाचं लग्न झालं, जुन्नरकडे. माणसं चांगली आहेत. तिची नारायणगावजवळ टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे आणि ती उत्तम चालते. त्या हंगामाबद्दल ती बोलत नाही, आणि मी विषय काढला, तर रोपांचा काढते. माळावरचं मैदान पाण्यावाचून वाळलं. पाच-सहा वर्षांत कंपनीनं तिथं प्लॉट पाडले. सेट तात्यांच्या माळ्यावर आहे. दर खंडेनवमीला खाली येतो, हळदीकुंकू घेतो, वर जातो. त्यातल्या लांब काठ्यांनी अजून कोणाचा चेंडू उडालेला नाही. गेल्या दसऱ्याला शेजारच्या एकानं तात्यांना विचारलं, चिंचा झोडायला एखादी देता का? तात्या नाही म्हणाले.

पण निवडीच्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं शिवाजीनगरच्या स्टँडवर आलो. एसटीला गर्दी होती, दिवाळीहून परतणारी माणसं, ट्रंका, फराळाचे डबे. शैला खिडकीशी बसली, तात्या तिच्या शेजारी, मी मागं. बॅग कुठं बसेना. सीटखाली जाईना, वरच्या फळीवर राहीना. दांडे वाटेत आडवे येत होते आणि चढणारा प्रत्येक जण त्यांना धक्का देऊन पुढं जात होता. कंडक्टर तिकिटं काढत आला आणि थांबला.

"कोणाचं सामान हे, पावणं?"

अष्टमीपासून त्या दिवसापर्यंत घरात, मांडवात, मैदानावर तात्यांनी त्याला एकच नाव दिलं होतं. शैलाचा सेट. त्यांनी सवयीनं शैलाकडे हात केला.

शैला खिडकीबाहेर बघत होती. "माझं न्हाई," ती म्हणाली.

कंडक्टर वाट बघत उभा राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "चला ना राव, उशीर व्हतोय." तात्यांचा हात शैलाच्या दिशेला तसाच होता. मग त्यांनी तो मागं घेतला.

"माझं हाय," तात्या म्हणाले.

"मग धरून बसा."

ते धरून बसले. दोन्ही गुडघ्यांत बॅग उभी, दोन्ही हात तिच्याभोवती. नाशिक फाट्यापासून रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला ते लोखंड वाजायचं, आणि प्रत्येक वेळी तात्या त्याला आणखी घट्ट धरायचे. मंचर येईपर्यंत शैलानं खिडकीतून तोंड आत वळवलं नाही.